नाचणारी पावले आणि न थांबणारे दुखणे

गेल्या पावसाळ्यात एक माता आपल्या कन्येच्या अरंगेत्रमासाठी पॅरिशचे सभागृह मागावयास आमच्याकडे आली. पंधरा वर्षांची ती मुलगी सोबतच होती. पायऱ्या चढताना ती उजव्या पायावर भार देईना, हे आमच्या दृष्टीस पडले. विचारता कळले की, चवडा तीन आठवडे दुखत आहे; परंतु 'नाचणाऱ्याचा पाय दुखावयाचाच' असे कानी पडल्यामुळे तिने घरी ब्रही काढला नव्हता.

बडोद्यास ही कला परकी नाही. सन १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाई सयाजीराव महाराजांच्या राणी होऊन आल्या आणि त्यांच्या निमित्ताने तंजावरच्या नर्तकीही या नगरीत आल्या. आज सामान्य घरांतील मुलीही हे नृत्य शिकतात, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि पालकांनी आपल्या मुलींच्या पावलांविषयी चार गोष्टी जाणून घेतल्या पाहिजेत.

पावलात २६ हाडे असतात. भरतनाट्यमात गुडघे वाकवून अनवाणी तळवा जमिनीवर आपटावा लागतो. कथकाच्या ततकारात तर घुंगरांचे ओझेही असते. या आघातांनी हाडाची जी सूक्ष्म झीज होते, ती विश्रांतीत भरून निघते. विश्रांतीच न मिळाल्यास हाडाला बारीक तडा जातो. सराव संपल्यावर काही तासांत शमणारा स्नायूंचा शीण निराळा आणि एकाच जागी बोट ठेवून दाखविता येणारी, नाचताना वाढणारी व पुढे पुढे रात्रीही छळणारी वेदना निराळी. या दुसऱ्या वेदनेकडे दुर्लक्ष करू नये. प्रारंभीच्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये कित्येकदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे निर्दोष आला तरी दुखणे राहिल्यास पुन्हा दाखवावे, एम.आर.आय. तपासणीत तो लवकर कळतो.

सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावले टाकताना टाच ठणकत असेल, तर टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा जाड पडदा दुखावलेला असण्याचा संभव अधिक. त्यावर पोटरीला व तळव्याला रोज हलके ताण देणे, घरात मऊ तळाची चप्पल वापरणे, दहा-पंधरा मिनिटे फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावणे व उड्या बंद ठेवणे, हा उपाय होय. गुण यावयास महिने लागतात. परंतु बहुतेकांना शस्त्रक्रियेवाचूनच बरे वाटते.

वेदनाशामक गोळी घेऊन रंगमंचावर जाणे हा उपाय नव्हे. तडा गेलेल्या हाडाला तो अपायच होय. तसेच सुजलेल्या पायाला जोराने मालीश करवून घेऊ नये. सरावाची जमीनही पाहावी. फरशी वा सिमेंट आघात मुळीच सोसत नाही. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन पुष्कळ बरी. आणखी एक गोष्ट मातांनी संकोच सोडून पाहावी. सडपातळ राहण्यासाठी मुलगी अन्न कमी करीत असेल व तिची मासिक पाळी लांबत वा बंद पडत असेल, तर हाडेही दुबळी होत असतात. अशा वेळी पायाबरोबर आहाराचीही चिकित्सा झाली पाहिजे.

त्या मुलीचा पहिला एक्स-रे निर्दोष निघाला. पुढील तपासणीत मात्र चवड्याच्या दुसऱ्या लांब हाडाला तडा आढळला. डॉक्टरांनी सहा आठवडे पाय आपटण्यास मनाई केली. ती रडली, परंतु तिच्या गुरूंनी समजूतदारपणे तेवढा काळ तिच्याकडून बसूनच हस्तमुद्रांचा व अभिनयाचा अभ्यास करवून घेतला. पुढे प्रथम दहा मिनिटे, मग वीस, असा सराव वाढविला. दुखले की एक पायरी मागे.

सभागृह आम्ही दिले. तारीख मात्र नाताळानंतरची लिहिली. त्या दिवशी ती पायऱ्या दोन्ही पायांवर सारखा भार देत चढली. पालकहो, मुलगी पाय दुखतो म्हणाली, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी वेदनेची नेमकी जागा बोटाने दाखवावयास सांगा.