संगणकाचा नकार दुकानदाराला कळलाच पाहिजे

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. गेलेल्या जिवांपुढे मालाची गोष्ट लहानच. तरीही दुकाने पुन्हा उभी करताना, कोणाकडे किती येणे आणि कोणाचे किती देणे, हे सांगणारी नोंद हाताशी असणे किती मोलाचे असते हे या भागाने २००५ नंतर दुसऱ्यांदा अनुभवले. म्हणून हिशेबाची एक नक्कल, म्हणजे बॅकअप, दुकानाबाहेर असावी हे आता वेगळे सांगायला नको. आमचा प्रश्न पुढचा आहे. ती नक्कल खरोखर निघते का?

बिलाच्या प्रोग्रामवर संगणकात एक मालक असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, अँड्रॉइड ही त्याची नावे. कोणत्या प्रोग्रामने कोठे लिहावे आणि काय वाचावे, हे नियम तो मालक राखतो. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने मे २०१७ मध्ये जगभर फायली कुलूपबंद केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज १० मध्ये अशा हल्ल्यांविरुद्ध एक पहारा आला. तो चालू केला की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. पहारा चांगलाच आहे. पण बिलाचा प्रोग्रामही त्याला अनोळखी वाटू शकतो. विंडोज पडद्याच्या कोपऱ्यात सूचना दाखवते, पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत ती पाहतो कोण?

खरी चूक होते ती येथे. लिहिणे फसल्याचा निरोप प्रोग्रामलाही मिळतो. निष्काळजी प्रोग्रामर तो गिळून टाकतो आणि पडद्यावर 'बॅकअप पूर्ण' असे झळकते. रखवालदाराने परत पाठवलेल्या हमालाने पेढीवर येऊन 'माल पोचला' सांगावे, तसाच हा प्रकार.

मोबाइलचेही तेच. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, महत्त्वाची परवानगी वापराच्या वेळी मागावी लागते. अँड्रॉइड ११ मध्ये, २०२० साली, काही महिने न वापरलेल्या ॲपची परवानगी आपोआप काढून घेण्याची सोय आली; दोनदा नकार दिला की विचारणेही बंद होते. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला सूचना दाखवण्यासाठीही होकार लागतो. तो दिला नाही तर पैसे खात्यात येतात, पण सूचना येत नाही, आणि गिऱ्हाइकाशी विनाकारण वाद होतो.

म्हणजे परवानगी एकदा मिळाली की कायमची, असे नाही. लिनक्सवरील एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेत नियम बदलले की तशी सूचना निघते, आणि आधीचे निर्णय लक्षात ठेवणारे प्रोग्राम ते खोडून नव्याने विचारतात. बिलाच्या प्रोग्रामनेही प्रत्येक वेळी असेच विचारावे. नकार आला तर कोणते काम अडले आणि परवानगी कोठून द्यायची, हे सोप्या मराठीत सांगावे. बॅकअप अडला म्हणून बिल थांबू नये. आणि लिहिलेली नक्कल परत वाचून पाहिल्याशिवाय 'पूर्ण' म्हणू नये.

काही कारागीर अडचण आली की सगळा पहाराच बंद करून देतात. हे मान्य करू नका. पहारा चालू ठेवून फक्त आपल्या प्रोग्रामला परवानगी देता येते.

आमची व्यापारी बांधवांना सूचना एवढीच, की प्रोग्रामचे पैसे चुकते करण्यापूर्वी विक्रेत्याला समोर बसवा. त्याला परवानगी काढून घ्यायला सांगा आणि प्रोग्राम काय बोलतो ते पाहा. मग बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून कालची उधारी दिसते का, तपासा. ही परीक्षा पावसाळ्यापूर्वी झालेली बरी.