विषारी मातीत झाड कसे तगते?

माणसाला गाव सोडता येते. झाडाला रुजलेली जागा सोडता येत नाही. त्या जागेच्या मातीत शिसे, कॅडमियम, पारा असे जड धातू मिसळले, तर झाड काय करते? मी इतिहासाचा शिक्षक. परंतु कार्यकारणभाव शोधण्याच्या सवयीने मला या प्रश्नापर्यंत आणले. त्याचे उत्तर झाडाच्या जनुकांत आहे.

जस्त व लोह झाडाला अल्प प्रमाणात लागतातच. ते ज्या वाटांनी मुळांत शिरतात, त्याच वाटांनी कॅडमियमही शिरते, कारण त्याचे रासायनिक रूप जस्ताशी मिळतेजुळते आहे. आत गेल्यावर ते प्रथिनांना चिकटून त्यांचे कार्य बिघडवते. पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते.

झाडाच्या जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशीत जनुकांचा पूर्ण संच असतो. परंतु सर्व जनुके एकाच वेळी कार्यरत नसतात. पुराभिलेखागारात सारी दप्तरे असली, तरी गरजेचे दप्तर तेवढेच उघडले जाते, तसेच हे आहे. धातूचा ताण जाणवताच ठरावीक जनुके जागी होतात. त्यांतील काहींमुळे ग्लुटाथायोन हे द्रव्य अधिक तयार होते. त्यापासून एक विकर फायटोकेलाटिन नावाच्या लहान साखळ्या बनवते. या साखळ्यांतील गंधकाचे अणू धातूला जखडून ठेवतात. मेटॅलोथायोनिन ही प्रथिनेही हेच काम करतात. मग वाहक प्रथिने जखडलेला धातू पेशीतील रिक्तिका नावाच्या कप्प्यात नेऊन बंद करतात.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. जनुक जागे होणे ही एकाच झाडातील, काही तासांची घटना आहे. जनुकसंच बदलणे ही अनेक पिढ्यांची वाटचाल आहे. धातुयुक्त मातीत ज्यांची रोपे तगतात, त्यांचेच बी पुढे जाते. न्यू कॅलेडोनिया बेटावरील पिक्नँड्रा अक्युमिनाटा हा वृक्ष अशा वाटचालीची साक्ष देतो. त्याच्या निळसर-हिरव्या चिकाच्या कोरड्या वजनात सुमारे एक चतुर्थांश निकेल असते.

आपल्या विदर्भातही याच्याशी निगडित कार्य झाले आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेतील शास्त्रज्ञांनी सावनेर तालुक्यातील गुमगाव मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील प्रेसमड, जिवाणूखते व मुळांशी सहजीवन करणारी बुरशी वापरून साग, कडुनिंब यांसारखी झाडे वाढवली. जनुके झाडाला तगण्याची क्षमता देतात. परंतु तिला मातीचा आधारही द्यावा लागतो, हा या प्रयोगाचा बोध होय.

मात्र झाड तगले म्हणजे विष संपले असे नव्हे. धातू नष्ट होत नाही. तो मुळांत, खोडांत, पानांत साठतो आणि पान गळले की पुन्हा मातीत येतो. म्हणून अशा जागेवरील चारा वा फळे तपासणीविना वापरू नयेत. शिशाची सर्वाधिक हानी लहान मुलांच्या मेंदूला होते. वाहनाची वा इन्व्हर्टरची निकामी बॅटरी शेतात, नाल्यात न फेकता विक्रेत्याकडे परत द्यावी. 2022 च्या नियमांनी ती गोळा करून पुनर्वापरास पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. झाडाच्या सहनशक्तीला मर्यादा आहे. ती ओलांडली जाणार नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे.