बेडकाला हक्क असतात का?

मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक अनेक शिक्षकांना आठवत असेल. 'याला दुखत नसेल का?' असं वर्गातलं कुणीतरी विचारायचंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०११ आणि २०१४ च्या सूचनांनंतर प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून विच्छेदन मागे पडलं, पण प्रश्न संपलेला नाही. खुराड्यातली कोंबडी, शर्यतीचा बैल, प्रयोगशाळेतला उंदीर यांच्याबद्दल मुलं तोच प्रश्न विचारतात.

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. प्राण्याला वेदना होते का, हा विज्ञानाचा भाग. होत असेल तर आपण काय करायचं, हा नीतीचा. दोन्हींची सरमिसळ झाली की वर्गातली चर्चा भरकटते.

आधी विज्ञान. मेंदू काढलेल्या, पण मज्जारज्जू शाबूत असलेल्या बेडकाच्या कातडीवर आम्लात भिजवलेला कागद ठेवला, तर तो पायाने कागद झटकून टाकतो. हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. म्हणजे प्राण्याने अंग आखडलं, एवढ्यावरून त्याला वेदना झाली असं सिद्ध होत नाही.

मग पुरावा कोणता? २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवर केलेलं काम पाहू. इजेची जाणीव करून देणारे चेतातंतू या माशांच्या डोक्याच्या भागात आढळले. ओठात ॲसेटिक आम्ल टोचलेल्या माशांचा श्वसनाचा वेग वाढला, ते तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि बराच वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले मासे त्यामानाने लवकर खाऊ लागले. मॉर्फिन दिल्यावर आम्ल टोचलेल्या माशांचं वेगळं वागणं कमी झालं. भूक बाजूला पडणं आणि वेदनाशामकाने फरक पडणं, हे नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेने समजावता येत नाही. माशाला काय वाटतं हे आपण आत शिरून पाहू शकत नाही, हे खरं. पण शेजारच्या माणसाची वेदनासुद्धा आपण अशाच खुणांवरून ओळखतो.

आता नीती. जेरेमी बेंथॅम या इंग्रज विचारवंताने १७८९ मध्येच म्हटलं होतं, की प्राण्याला विचार करता येतो का किंवा बोलता येतं का, हा मुद्दाच नव्हे. त्याला यातना होतात का, हा मुद्दा आहे. हे पटवून घ्यायला तान्हं मूल डोळ्यांसमोर आणावं. त्याला गणित येत नाही, कर्तव्यं कळत नाहीत. तरी त्याला चिमटा काढणं चूकच, कारण त्याला दुखतं. बुद्धी किंवा भाषा ही अट मुलाला लावायची नाही आणि प्राण्याला मात्र लावायची, याला कारण काय? 'तो आपल्या जातीचा नाही' एवढंच कारण उरतं. रिचर्ड रायडर यांनी १९७० मध्ये या वृत्तीला 'स्पीशीजिझम', म्हणजे प्रजातिभेद, असं नाव दिलं.

पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये हाच धागा पुढे नेला. समान विचार म्हणजे समान वागणूक नव्हे. डुकराला मतदानाचा हक्क नको आहे, पण सारख्याच वेदनेला सारखंच वजन मिळायला हवं. टॉम रेगन १९८३ मध्ये आणखी पुढे गेले. ज्या प्राण्याला स्वतःचं असं आयुष्य आहे, तो दुसऱ्याच्या उपयोगाचं साधन नव्हे, मग फायदा कितीही मोठा असो.

आपल्याकडे भूतदया जुनी आहे. पण दया दाखवणाऱ्याच्या मर्जीवर असते. आज दाखवली, उद्या नाही. हक्क म्हटला की समोरच्यावर बंधन येतं. फरक इथे आहे.

'वाघ हरणाला खातोच की!' असं मुलं म्हणतील. वाघाला पर्याय नाही आणि चूक-बरोबर ठरवण्याची कुवतही नाही; आपल्याला दोन्ही आहे. खरा अवघड आक्षेप औषधांचा. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून लागला आणि त्यावर असंख्य मधुमेही जगले. संशोधनात काम करणाऱ्या माणसाला हे नाकारता येत नाही. रेगन यांचं म्हणणं पूर्ण स्वीकारलं, तर असे प्रयोग बंदच करावे लागतील. ते जमत नसेल, तरी 'उपयोग आहे' एवढं म्हणून सुटका होत नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन कसोट्या दिल्या: प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का, कमी प्राण्यांत भागेल का, यातना कमी करता येतील का? त्यांची उत्तरं देण्याची जबाबदारी प्रयोग करणाऱ्याची आहे.

आपल्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचं सतरावं कलम वर्गात जरूर वाचावं. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी तेवढंच शिकवता येत असेल, तर महाविद्यालयांतून प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, असं ते सांगतं. तेच कलम असंही म्हणतं, की ससा, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे प्राणी वापरू नयेत. बेडकाची वेदना घोड्याच्या वेदनेपेक्षा कमी मोलाची का, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि उत्तराबरोबर कारणही मागावं. 'तो लहान आहे' हे कारण पुरेसं आहे का, ते मुलंच ठरवतील.