प्रवाहाची शास्त्रकथा – लेखांक सहावा : शिष्याचे नाव आधी

मागील लेखांकात आपण बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्कीपाशी थांबलो होतो. हर्सूलच्या बाजूने मातीच्या भुयारी नळांतून येणारे पाणी भिंतीच्या पोटातून वर चढते, उंचावरून कोसळते आणि त्याच बळाने जाते फिरवते, हा तपशील आपण पाहिला. मलिक अंबराने 1610 साली वसवलेल्या खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी ही त्याच विद्येची थोरली बहीण, हेही पाहिले. त्या नहरीला नाव मिळाले ते निजामशाहीच्या कारभाऱ्याचे. उताराचा अदमास बांधणाऱ्या, नळाला नळ जोडणाऱ्या आणि हवा कोठे कोंडेल हे ओळखणाऱ्या कारागिरांना मात्र त्या नावात वाटा मिळाला नाही. वस्तुतः वाहते पाणी हा एकट्यादुकट्याच्या आवाक्यातला विषय कधीच नव्हता. आजही तो नाही. आणि म्हणूनच या खेपेस पाणी क्षणभर बाजूस ठेवून, त्याचा अभ्यास करणाऱ्या माणसांच्या एका मेळ्याकडे वळावयाचे आहे.

1933 साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा एक विभाग काढला आणि तो पुढे माटुंग्यास स्थिरावला. या विभागात 1964 साली, वयाची तिशीही ओलांडली नव्हती अशा काळात, मनमोहन शर्मा हे प्राध्यापक झाले. केंब्रिज येथे पीटर डँकवर्ट्‌स यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले होते. हे डँकवर्ट्‌स म्हणजे महायुद्धात लंडनवर पडलेले न फुटलेले सुरुंग निकामी करून जॉर्ज क्रॉस मिळवणारे, आणि पुढे वायू द्रवात विरघळताना त्या द्रवाचा पृष्ठभाग क्षणोक्षणी कसा नवा होत राहतो याची उपपत्ती मांडणारे गृहस्थ. शर्मांच्या शिष्यवर्गात सातारा जिल्ह्यातील मसूरचे ज्येष्ठराज जोशी आले. जोशींच्या हाताखाली अनिरुद्ध पंडित, विवेक रानडे अशी पुढची पिढी तयार झाली.

या मंडळींचा प्रश्न वरकरणी अगदी मामुली वाटतो. काचेच्या पेल्यातील चहात साखर घालून चमचा गोल गोल फिरवावा. चहा सारा मिळून चमच्याबरोबर फिरू लागतो, मध्यभागी खळगा पडतो, आणि साखर मात्र बुडाशी ढीग करून स्वस्थ बसते. कारण सारे द्रव्य एकाच गतीने फिरत असेल, तर त्याचे थर एकमेकांत शिरण्याचे कारणच उरत नाही. तोच चमचा आडवा धरून प्रवाहास अडथळा केला की गोंधळ माजतो व साखर विरघळते. कारखान्यातील रिअॅक्टरच्या आतल्या भिंतीस उभ्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या याच हेतूने. परंतु चमच्यास लागणारी शक्ती फुकट मिळत नाही. खळबळत्या प्रवाहात ढवळणीच्या पात्याचा वेग दुप्पट केला, तर विजेचा खर्च दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणून कोठे किती ढवळावे, हा कारखान्याच्या जमाखर्चाचाही प्रश्न ठरतो.

त्याचे उत्तर शोधताना कामाची वाटणी होते. एक जण पारदर्शक पात्र उभारतो. दुसरा त्यात लेझरचे दोन किरण एका बिंदूत छेदतील असे सोडतो. त्या छेदबिंदूवर प्रकाश व अंधार यांच्या बारीक पट्ट्या उमटतात, द्रवातील एखादा सूक्ष्म कण त्या ओलांडताना लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याच्या वारंवारतेवरून कणाचा वेग कळतो. प्रवाहात काहीही न खुपसता प्रवाह मोजला जातो. असे बिंदू शेकड्यांनी मोजावे लागतात. तिसरा तोच प्रवाह संगणकावर समीकरणांतून उभा करतो, आणि मग मोजलेले व गणिलेले शेजारी ठेवून वाद सुरू होतो. वाद झाला नाही, तर त्या दिवसाचे काम पुरे झाले असे समजू नये.

अशा वादाचा एक दाखला देण्याजोगा आहे. उभ्या नळकांड्यातील द्रवात तळाशी हवा सोडली, की बुडबुडे मध्यभागातून द्रवास वर नेतात आणि तो भिंतीच्या कडेने खाली उतरतो. 1979 साली जोशी व शर्मा यांनी असे प्रतिपादन केले की हे अभिसरण एकावर एक रचलेल्या खणांचे असून, प्रत्येक खणाची उंची नळकांड्याच्या व्यासाएवढी असते. पुढे 1990 साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांनी किरणोत्सारी कणाचा माग काढून दाखवले की, दीर्घकाळाची सरासरी घेतल्यास तेथे एकच मोठे अभिसरण आढळते. मग खण खोटे ठरले काय? पुढील संशोधनाने असे दिसले की क्षणाक्षणाचे चित्र टिपावे तर नळकांडे भोवऱ्यांनी गजबजलेले असते. ते जन्मतात, सरकतात, मोडतात, आणि सरासरीत मात्र मिटून जातात. म्हणजे जुनी प्रतिमा पुसली गेली नाही. तिला काळाची मोजपट्टी लाभली.

पंडित पुढे द्रवात निर्माण होऊन फुटणाऱ्या पोकळ्यांच्या शास्त्राकडे वळले, रानडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रवाहाचे संगणकीय प्रतिरूप घडवू लागले, आणि जोशी व पंडित यांनी हीच विद्या स्वयंपाकघरात नेऊन, कुकरला इंधन किती लागते आणि किती पुरे, याचा हिशेब मांडला. 2014 साली जोशींना पद्मभूषण मिळाले. विभागाचे रूपांतर दरम्यान स्वतंत्र अभिमत विद्यापीठात झाले होते, आणि 2018 साली त्याचे मराठवाडा संकुल आपल्या शेजारच्या जालन्यास सुरू झाले. वाळूज व चिकलठाण्याच्या औषध आणि मद्यनिर्मितीच्या कारखान्यांत ज्या टाक्या अहोरात्र ढवळल्या जातात, त्यांच्यापासून ही विद्या आता तासदीड तासाच्या वाटेवर आली आहे.

आता एका बारीकशा वहिवाटीकडे लक्ष वेधून हा लेखांक संपवितो. 1979 च्या त्या निबंधावर आधी नाव जोशींचे आहे, गुरू शर्मांचे नंतर; आणि दशकभराने ढवळणीच्या पात्यांवर जे निबंध निघाले, त्यांवर रानडे आधी व जोशी नंतर. ज्याने पात्रापाशी उभे राहून आकडे घेतले त्याचे नाव पहिले, आणि ज्याने प्रश्न दिला त्याचे शेवटी, असा हा क्रम आहे. नहर-ए-अंबरीस ही वहिवाट लाभली असती, तर मलिक अंबराचे नाव यादीच्या अखेरीस आले असते, आणि यादी बरीच लांब झाली असती.

पुढील लेखांकात पैठणच्या जायकवाडी धरणाचे सत्तावीस दरवाजे.