न विकलेला खेळ

वाचकहो, आपल्या विदर्भातले लोणारचे सरोवर तुम्ही पाहिले असेल; निदान नाव तरी ऐकले असेल. आकाशातून आलेला दगड काळ्या पाषाणावर आदळला आणि जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. असे दगड सूर्याभोवती भटकत असतात, त्यांना आपण लघुग्रह म्हणतो. नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रात मुलांना घेऊन गेलेल्या गुरुजींना हे निराळे सांगायला नको.

याच दगडांवर अमेरिकेतल्या अटारी कंपनीने १९७९ साली एक खेळ काढला. त्याचे नाव ‘ॲस्टरॉइड्स’, म्हणजे लघुग्रहच. कल्पना लाइल रेन्स यांची, घडवला एड लॉग यांनी. माणसाएवढी उंच पेटी, तिच्यात पडदा, नाणे टाकले की डाव सुरू. मधोमध चिमुकले त्रिकोणी यान आणि चहूकडून येणारे दगड. मोठा दगड फोडला की त्याचे दोन होतात, त्यांतला प्रत्येक फोडला की पुन्हा दोन. म्हणजे नेम जितका चांगला तितका धोका अधिक! अशा सत्तर हजारांच्या घरात पेट्या खपल्या.

मग हाच खेळ घरच्या टीव्हीवर आणायचे ठरले. १९८१ साली ‘अटारी २६००’ या घरगुती यंत्रासाठी तो निघाला आणि चांगला चालला. १९८२ साली त्याहून दमदार ‘अटारी ५२००’ बाजारात आले. त्याच्यासाठीही ॲस्टरॉइड्स तयार झाला, कंपनीच्या यादीत त्याचे नाव छापले गेले. पण दुकानात तो कधीच आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, पेटीतला खेळ टीव्हीवर आणायचा, यात काय मोठेसे? तर ऐका. पेटीतल्या पडद्यावर प्रकाशाचा किरण, आपल्या आयाबहिणी रांगोळीची रेघ ओढतात तसा, इथून तिथे सरळ जाई. घरच्या टीव्हीचे काम शेत नांगरण्यासारखे. किरण वरून खाली एकेक तास घालत जातो आणि असे सगळे शेत अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला साठ वेळा नांगरून होते. तिरकी रेघ हवी असेल तर प्रत्येक तासात एकेक ठिपका पुढे सरकवावा लागतो. गुरुजी, वर्गात हा प्रयोग अवश्य करा. चौकटीच्या कागदावर पट्टीने तिरकी रेघ ओढायला सांगा आणि ती ज्या चौकटींतून जाईल त्या काळ्या करायला सांगा. रेघेची पायरी होते! पेटीतले नाजूक रेघांचे दगड घरच्या टीव्हीवर ठिपक्यांनी भरावे लागले, ते यामुळे.

दुसरी अडचण हाताची. पेटीवर पाच बटणे होती: यान डावीकडे वळवायचे, उजवीकडे वळवायचे, पुढे रेटायचे, गोळी झाडायची आणि अगदीच जिवावर बेतले तर एकदम दुसरीकडे उडी घ्यायची. ५२०० ला मात्र दांडी होती आणि ती सोडून दिली तरी आपणहून मध्यावर परत येत नसे. विनास्प्रिंगचे फाटक जसे उघडले तसेच राहते, तशी. ज्या खेळात वळणे क्षणात थांबायला हवे, तिथे असली दांडी काय कामाची? माझ्या मते घोडे अडायला एवढेही पुरेसे होते. पुढे १९८३ साली अमेरिकेतला या खेळांचा बाजारच कोसळला. न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोजवळ जमिनीत पुरला. २०१४ साली तो उकरूनही काढला. ५२०० चे उत्पादन १९८४ साली बंद झाले.

पण न विकलेल्या खेळाचे दुखणे निराळेच असते. विकायच्या खेळाचा प्रोग्राम कारखान्यात चिपमध्ये कायमचा कोरला जातो, साच्यातल्या विटेसारखा. तयार होत असलेला खेळ मात्र पुसता येणाऱ्या चिपवर ठेवतात. तिचे नाव ईप्रॉम. तिच्या पाठीवर काचेसारखी खिडकी असते आणि तीतून अतिनील किरण आत गेले की लिहिलेले सारे पुसले जाते. म्हणून खिडकीवर कागद चिकटवतात. कागद निघाला आणि चिप कडक उन्हात पडून राहिली की संपले. अंधारात ठेवली तरी आत कोंडलेला विद्युतभार माठातल्या पाण्यासारखा हळूहळू झिरपतोच. आपल्या गावातल्या ओव्या नि भजने ज्या फितींवर उतरवून ठेवली आहेत, त्यांनाही उष्णता आणि दमट हवा अशीच खाते. कारण वेगळे, गत तीच.

तेव्हा उपाय एकच: चिप बोलती आहे तोवर तिच्यातले सगळे वाचून घ्यायचे आणि दुसरीकडे उतरवायचे. ५२०० च्या ॲस्टरॉइड्सचे तसेच झाले. हौशी संग्राहकांच्या हाती आलेली नमुन्याची प्रत संगणकावर उतरवली गेली आणि दुकानात कधी न आलेला तो खेळ आज खेळता येतो. त्याच यंत्रासाठी ‘टेम्पेस्ट’ नावाचा दुसरा एक अवकाशातला खेळ किथन हायेंगा करीत होते. तोही अर्धवट राहिला होता. सुमारे तीस वर्षांनी त्यांनी स्वतःच तो पुन्हा हाती घेतला आणि पुरा केला.