शिकारी कुत्रा आणि काळजातली गाठ

माझ्या लहानपणी आमच्या घरी मोती नावाचा कारवानी कुत्रा होता. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या माळरानावर असे उंच, सडपातळ, लांब तोंडाचे कुत्रे पुष्कळांकडे असत. चाचा पहाटे मोतीला घेऊन निघत आणि सशामागे सोडत. ससा मिळाला की तिथंच त्याचं पोट फाडायचं आणि आतडी, काळीज मोतीपुढं टाकायचं, असा रिवाज होता. ‘‘शिजवलेलं घातलं की कुत्र्याची धार जाते,’’ असं चाचा म्हणत. शिकार नसेल त्या दिवशी खाटकाकडून मेंढीचा फोफसा आणि खराब म्हणून बाजूला टाकलेलं काळीज आणायचं. ते आणून मोतीला घालण्याचं काम माझ्याकडं होतं. मला त्याचा मोठा अभिमान वाटे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशी शिकार आज गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण मला आज बोलायचं आहे ते कुत्र्यापुढं टाकल्या जाणाऱ्या त्या कच्च्या काळजाविषयी.

पुढं बऱ्याच वर्षांनी माझ्या फुफीच्या पोटात उजव्या बाजूला जड वाटू लागलं. सोनोग्राफी झाली. यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ निघाली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘तुमच्या घरी कधी कुत्रं होतं का?’’ गाठ पोटात आणि चौकशी कुत्र्याची! मला नवल वाटलं. या आजाराला ‘हायडॅटिड’ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. वैद्यकशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण त्या प्रश्नानं मला स्वस्थ बसू दिलं नाही. डॉक्टरांना विचारून, पशुवैद्य असलेल्या मित्राकडं बसून आणि थोडंफार वाचून जे समजलं, ते असं.

कुत्र्याच्या आतड्यात एक चपटा जंत राहतो. त्याचं नाव एकायनोकॉकस. लांबी जेमतेम तीन ते सात मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहूनही कमी. असे हजारो जंत एका कुत्र्यात असू शकतात आणि तरीही कुत्रा धडधाकट, तुकतुकीत दिसतो. फसगत होते ती इथंच. जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, मातीत मिसळतात, गवताला आणि भाजीपाल्याला चिकटतात, कुत्र्याच्या केसांतही अडकून राहतात. ओलावा आणि गारवा असला तर ती कित्येक महिने टिकतात. साध्या डोळ्यांना ती दिसत नाहीत.

मेंढी, बकरी, म्हैस, रानडुक्कर यांच्या पोटात चरताना ही अंडी जातात. अंड्यातून निघालेली अळी रक्तावाटे यकृतात किंवा फुप्फुसात पोचते आणि तिथं पाण्यानं भरलेली गाठ तयार होते. या गाठीत पुढच्या पिढीचे अंकुर असतात. ते काळीज, तो फोफसा कच्चा कुत्र्यापुढं पडला, की सहा-सात आठवड्यांत कुत्र्याच्या पोटात नवे जंत अंडी घालू लागतात. असं हे चक्र चालू राहतं. माणसाच्या पोटात ही अंडी गेली तर त्यालाही तशीच गाठ होते. ती इतकी सावकाश वाढते, की कळेपर्यंत दहा-दहा वर्षं निघून जातात. औषधं आहेत, शस्त्रक्रिया आहे. पण गाठ आत फुटली तर जिवावर बेतू शकतं.

मग दोष सशाचा होता का? सशाच्या पोटात दिसणारे द्राक्षासारखे बारीक फोड बहुधा दुसऱ्याच जंताचे असतात. त्यानं कुत्र्याला जंत होतात, पण माणसाला ही गाठ होत नाही. संशय जातो तो मेंढीच्या फोफशावर आणि काळजावर. म्हणजे माझ्या हातानं घातलेल्या खाण्यावर. फुफीला आजार नेमका मोतीमुळंच झाला, असं कोणी डॉक्टर सांगू शकणार नाही. आमच्याकडं कुत्रा उंबऱ्याच्या आत येत नसे. पण अंगणात तो होताच, आणि फुफीची मेथी-कोथिंबिरीची वाफही त्याच अंगणात होती.

आता एक दिलासा देणारी हकिकत. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हा आजार घरोघर होता. १८६३ साली हाराल्ड क्राबे नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ तिथं गेले. त्यांनी शंभर कुत्री तपासली, तर अठ्ठावीस कुत्र्यांत हा जंत सापडला. त्यांनी सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली आणि ती घरोघर फुकट वाटली गेली. हिवाळ्याच्या लांब रात्री घरात मोठ्यानं वाचन करण्याची तिथं रीतच होती. लोकांनी ती वाचली आणि गाठीचे अवयव कुत्र्यांना घालणं थांबवलं. पुढं कुत्र्यांवर कर आला, औषधं आली आणि तो देश या रोगातून मोकळा झाला. न्यूझीलंडनं १९५९ साली कायदा केला. कुत्र्यांच्या तपासणीसाठी तिथं वापरलं जाणारं अ‍ॅरेकोलिन हे द्रव्य मुळात आपल्या सुपारीतलं! २००२ साली त्या देशानंही रोगमुक्ती जाहीर केली. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला त्या पुस्तिकेचं फार अप्रूप वाटतं.

आपण काय करावं? कुत्रा शिकारी असो, मेंढपाळाचा असो की गल्लीतला, त्याला कच्चं काळीज, फोफसा, आतडी घालू नयेत. घालायचंच तर तुकडे करून अर्धा तास चांगलं उकळून घालावं. त्यानं कुत्र्याची धार मुळीच जात नाही. पशुवैद्याच्या सल्ल्यानं जंताचं औषध ठरावीक काळानं द्यावं आणि औषधानंतर दोन-तीन दिवसांची विष्ठा खोल पुरावी. कारण औषधानं जंत मरतात, अंडी मरत नाहीत. कुत्र्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवावेत. कच्ची भाजी स्वच्छ धुऊन खावी. बकरी ईदला, जत्रेला किंवा घरच्या कार्याला जनावर कापलं, तर गाठी असलेले अवयव उकिरड्यावर टाकू नयेत. कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरावेत. आमच्या मोहल्ल्यात आता ईदच्या आदल्या दिवशीच खड्डा तयार असतो.

फुफी शस्त्रक्रियेनंतर बरी झाली. मी सारं समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘अरे, मोतीचा काय कसूर? त्यानं आपण दिलं तेच खाल्लं.’’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)