गाडीने कर्जापेक्षा जास्त जगले पाहिजे

परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, पूर्णा, कोणत्याही गावच्या बसस्थानकाबाहेर जरा उभे राहावे. प्रवासी जीप, टेम्पो, भाड्याची मोटार चालवणाऱ्यांत आपल्या समाजातील तरुण हमखास दिसतात. शेत नाही, शिक्षण असून नोकरी नाही; तेव्हा कर्ज काढून गाडी घ्यावी आणि स्वाभिमानाने चार पैसे मिळवावेत, हा विचार चांगलाच आहे. जे भाऊ-बहीण नोकरीला लागले, त्यांच्याही दारात आता जुनी का होईना, मोटार उभी असते.

पण हप्ते पाच वर्षांचे आणि गाडी तीनच वर्षांत थकली, तर पुढे काय? उरलेले हप्ते मुलांच्या फीमधून आणि घरच्या धान्यातून काढावे लागतात. म्हणून गाडीचे आयुष्य कशावर ठरते, हा प्रश्न आम्ही कुटुंबाच्या पानावर घेत आहोत.

‘कंपनी चांगली असली की गाडी टिकते,’ असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेत आयर्व्ह गॉर्डन नावाचे एक विज्ञानशिक्षक होते. त्यांनी १९६६ साली व्होल्वो मोटार घेतली आणि २०१३ साली त्याच मोटारीने ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. यात जादू नव्हती. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत सांगितलेली देखभाल वेळच्या वेळी करणे, हा त्यांचा नेम होता.

आता आपल्या देशातील उलटे उदाहरण पाहा. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती देण्यात आली. त्यांनी ती गाडी २०१० साली निधन होईपर्यंत सांभाळली. त्यानंतर ती उघड्यावर उभी राहिली आणि उभ्या उभ्या गंजली. पुढे कंपनीने तिची डागडुजी केली, म्हणून ती वाचली. गाडी केवळ चालल्याने मरत नाही, दुर्लक्षाने मरते, हे यातून शिकावे.

आपल्या जिल्ह्यात गाडीचा पहिला शत्रू धूळ. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याने एक गाडी पुढे गेली की मागच्या गाडीला रस्ता दिसत नाही. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते इंजिनात शिरले की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासून काढतात. त्यांना अडवणारा असतो फक्त कागदी एअर फिल्टर. पुस्तिकेतील मुदत साधारण रस्त्यांसाठी असते. आपल्याकडे तो लवकर तपासावा आणि लवकर बदलावा. फाटका फिल्टर वापरू नये.

दुसरी गोष्ट ऑईल. ऑईल इंजिनाला वंगण देते, गार ठेवते आणि आतली काजळी वाहून नेते. ते काळे, दाट झाले की या तिन्ही कामांत कमी पडते. ‘अजून एक महिना चालेल’ म्हणून ऑईलचे काही हजार वाचवायचे आणि मग इंजिनाचे काम काढून त्याच्या कितीतरी पट घालवायचे, हा कसला हिशोब? गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरत असेल, तर किलोमीटर पुरे झाले नाहीत तरी ठरल्या मुदतीत ऑईल बदलावे. इंजिन नीट तापत नसल्याने ऑईलात ओलावा साचतो. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना अशा तोकड्या फेऱ्या मुळीच मानवत नाहीत. धूर गाळणारी त्यांची जाळी काजळीने भरते. गावातल्या गावात फिरायचे असेल तर नवी डिझेल गाडी घेण्याआधी दहादा विचार करावा.

तिसरा शत्रू ऊन. आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. अशा वेळी रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी ओतणे म्हणजे नळ्यांत क्षार साचवणे होय. कूलंट उकळण्यास जास्त उष्णता लागते आणि ते गंजही रोखते. काटा लाल खुणेकडे गेला की गाडी बाजूला घेऊन बंद करावी. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ या हट्टापायी हेड वाकते, गॅस्केट जाते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. अंगावर उकळते पाणी उडते.

चौथी गोष्ट रस्ता आणि ओझे. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावरचे रस्तेही तसेच उखडतात. खड्ड्यात जोरात गेलेले चाक पाटे, शॉकॅब्सर आणि स्टिअरिंगचे जोड ढिले करते. त्यात क्षमतेच्या दुप्पट माणसे बसवली, की क्लच, ब्रेक आणि टायर तिन्ही लवकर संपतात. जादा भाड्याचे ते पैसे गॅरेजात जातात. गाडीचे जाऊ द्या, माणसे गेली तर कोणत्या हप्त्याने भरून येणार? लग्नाचे वऱ्हाड असो की दीक्षाभूमीला निघालेली मंडळी, आसनांइतकीच माणसे बसवावीत. गोटा झालेला टायर चालवू नये. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुना टायर नवा म्हणून गळ्यात मारला जातो, तेव्हा हे आकडे वाचता आले पाहिजेत.

पाचवी गोष्ट सुटे भाग आणि मिस्त्री. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा. रात्रंदिवस पळणारी ही गाडी कोणत्याही साध्या गॅरेजात दुरुस्त होई. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि तिथल्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तिला कायद्याने निवृत्त केले. तेव्हा गाडी घेताना रंग आणि रुबाब पाहण्याआधी, तिचा भाग परभणीत मिळतो का आणि तिचे काम जाणणारा मिस्त्री जवळ आहे का, हे विचारावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. मीटर मागे फिरवता येतो. मीटर ४० हजार दाखवतो आणि पेडलचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झाले आहे, तर खरे कोण बोलते? रबर! सर्व्हिसची वही मागावी, ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, तिथे तो कधी बदलला हे विचारावे. हा रबरी पट्टा तुटला तर अनेक इंजिने आतून मोडतात. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा आहे का ते पाहावे; असेल तर तो उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नमुना २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. चौदा वर्षांची स्वस्त गाडी घेताना हा खर्चही हिशोबात धरावा.

शेवटी एक सोपा उपाय सांगतो. घरात गाडीची एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, ऑईल, फिल्टर, टायर, खर्च आणि दिवसाची कमाई, एवढेच लिहावे. हे काम घरातील शिकणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्यावे. कोणते काम टळले आणि गाडी कुठे पैसा खाते, ते वही सांगेल. कमाईतून थोडी रक्कम दर आठवड्याला दुरुस्तीसाठी बाजूला काढावी, म्हणजे ऐनवेळी सावकाराच्या दारी जावे लागणार नाही.

शेवटचा हप्ता फिटल्यानंतर गाडी जितकी वर्षे चालेल, तीच त्या कुटुंबाची खरी कमाई. ती वर्षे कारखाना देत नाही. ती रोज सकाळी किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडून पाहणारा माणूस मिळवतो. बंधू-भगिनींनो, ती दोन मिनिटे काढा!